रजेवर जाताना चित्रकलेचा पाठ कोणासाठी लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पहिली ते पाचवीला चित्रकला शिकवता, पुढच्या महिन्यात दहा दिवस रजेवर आहात आणि तुमच्या जागी जे कोणी येईल त्यांना चित्रकलेचा गंध असेलच असं नाही. मागच्या रजेत तुम्ही रंगवायची छापील चित्रं ठेवून गेला होतात. परत आलात तर निम्म्या कागदांची विमानं झालेली, आणि टेबलावर बदली शिक्षिकेची चिठ्ठी: ‘दहा मिनिटांत संपलं, मग गोष्ट सांगितली.’ आता सोपे, पण नुसते वेळकाढू नसतील असे पाठ कसे तयार ठेवायचे?

मी बावीस वर्षं चित्रकला शिकवते आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी स्वतःच बदली शिक्षिका होते. म्हणून आधी टेबलाच्या त्या बाजूची एक आठवण सांगते. एका शाळेत चौथीचा तास होता. टाचणावर, म्हणजे तास कसा घ्यायचा ते लिहिलेल्या कागदावर, दोनच ओळी होत्या: ‘जलरंगातील निसर्गचित्र पूर्ण करून घेणे. साहित्य कपाटात.’ कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. किल्ली मिळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. मग अडतीस मुलं, सहा वाट्या आणि व्हरांड्याच्या टोकाला एकच नळ. घंटा झाली तेव्हा अडतीस ओले कागद वाळत घालायला जागा नव्हती, दारात पुढचा वर्ग उभा होता आणि माझी ओढणी निळी झाली होती. त्या बाई हलगर्जी मुळीच नव्हत्या. चित्रं उत्तम चालली होती, मुलांना शिस्तही होती. फक्त टाचण त्यांनी स्वतःला कळेल असं लिहिलं होतं.

चित्रकलेच्या शिक्षकांची खरी अडचण इथेच होते. आपण पाठ मुलांसाठी सोपा करत बसतो. पण रजेच्या दिवशी तो कागद वाचणारी व्यक्ती मोठी असते. शाळेत असताना तिला कोणीतरी ‘तुला चित्र जमत नाही’ असं सांगितलेलं असतं आणि ते तिने मनावर घेतलेलं असतं. वर्ग अनोळखी, एक डोळा मुलांवर, दुसरा कागदावर. तिला दीड मिनिटात कळेल तेवढंच त्या कागदावर असावं. मी टाचण लिहिलं की गणित शिकवणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला देते आणि म्हणते, ‘वाचा आणि करा, मला काही विचारू नका.’ वाचता वाचता मान वर करून ते माझ्याकडे बघतात, तिथे एक वाक्य कमी आहे असं समजते.

छापील चित्रं दहा मिनिटांत का संपली, हेही बघू. मुलाने त्यात ठरवायचं असं काही उरलेलंच नसतं. आकार कोणी तरी काढलेला, पानं हिरवी हे आधीच ठरलेलं. राहिलं भरायचं काम, ते हाताला येईल त्या वेगाने होतं. पाठ ताणला जातो तो मुलाला दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी ठरवावं लागलं तर. म्हणून बदली तासाच्या पाठात मी नियम एकच ठेवते, फार तर दोन, आणि बाकी सगळे निर्णय मुलांवर सोडते. नियम एक असला की शिकवणाऱ्यालाही तो लक्षात राहतो.

बाकीच्या अटी रोजच्या कामातून आलेल्या आहेत. ओलं काही नको. वाळायला ठेवावं लागेल असं नको. बाईंनी फळ्यावर ‘नीट’ काढून दाखवावं लागेल असं नको. मागच्या तासाला जे चाललं होतं ते पुढे नेणारं तर अजिबात नको, कारण अर्धवट चित्र परक्याच्या हाती बिघडलं की मूल कायमचं हिरमुसतं. आणि पाठ कुठेही थांबवता यावा. मध्येच कवायतीची सूचना आली, कोणाला तरी उलटी झाली, तास वीस मिनिटांचाच उरला, तरी हातात जे आहे ते चित्र म्हणून उभं राहायला हवं.

आता एक टाचण जसंच्या तसं देते. बदली तासांसाठी मी एक पेटी तयार ठेवते, तिच्यातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं टाचण.

‘फिरायला निघालेली रेषा. दुसरी ते पाचवी. प्रत्येकी एक कागद, काळा स्केचपेन किंवा पेन्सिल, रंगीत खडू. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा.

‘सांगा: कागद आडवा ठेवा. पेन डाव्या काठावर टेकवा. मी “थांबा” म्हणेपर्यंत पेन उचलायचं नाही.

‘आता खालचं सावकाश वाचा. प्रत्येक वाक्यानंतर मनात दहा अंक मोजा. रेषा फिरायला निघाली, रस्ता सरळ आहे. चढ लागला. वर पोचली आणि पाय घसरला, घरंगळत खाली आली. पुढे पाणी साचलंय, टुणटुण उड्या मारत चालली. कुत्रं मागे लागलं, पळाली. दमली, एकाच जागी गोल गोल फिरली. घरी निघाली, पण वाट चुकली. आपल्याच जुन्या वाटेला आडवी गेली. पुन्हा आडवी गेली. आणखी एकदा. कागदाचा काठ आला. थांबा.

‘सांगा: रेषेमुळे कागदावर कप्पे तयार झाले आहेत. प्रत्येक कप्प्यात वेगळी नक्षी भरा. ठिपके, जाळी, खवले, पट्टे, काहीही. शेजारच्या दोन कप्प्यांत एकच नक्षी नको. नक्षी झाल्यावर तीनच रंग निवडा आणि हवे तिथे रंगवा. काही कप्पे कोरे सोडले तरी चालतील.

‘तास संपायला आठ मिनिटं असताना आवराआवर सुरू करा. कागदामागे नाव आणि वर्ग.’

बस, एवढंच. पण यातलं प्रत्येक वाक्य कधी ना कधी काही बिघडलं म्हणून आत आलं आहे. ‘दहा अंक मोजा’ पहिल्या वर्षी नव्हतं. ज्यांनी तास घेतला त्यांनी सगळी गोष्ट अर्ध्या मिनिटात वाचून टाकली आणि चाळीस कागदांवर चाळीस स्प्रिंगा निघाल्या. रेषेने जुन्या वाटेला तीनदा आडवं जायचं, हे तिसऱ्या वर्षी घातलं; त्याशिवाय कप्पेच पडत नव्हते, तर नक्षी भरणार कशात? ‘शेजारी एकच नक्षी नको’ हे वाक्य दिसायला साधं आहे, पण पाठाची पंचवीस मिनिटं त्याच्यावरच उभी आहेत. मूल कप्पा भरतं, शेजारी बघतं, थांबतं, नवीन काही शोधतं. आणि ‘काही कप्पे कोरे सोडले तरी चालतील’ हे तीस-पस्तीस कप्पे करून बसलेल्या आणि रडकुंडीला आलेल्या एका मुलीमुळे आलं.

रेषेला फिरायला नेण्याची कल्पना माझी नव्हे. चित्रकार पॉल क्ले 1921 ते 1931 या काळात जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होते. फिरायला निघालेली रेषा त्यांच्या शिकवण्यातली. टाचणावर मी हे लिहीत नाही. एवढ्याशा कागदावर कलेचा इतिहास आला की बदली शिक्षिका तोच वाचून दाखवत बसते आणि मुलं जांभया देतात.

टाचणाच्या मागच्या बाजूला मात्र मी एक गोष्ट आवर्जून लिहिते: मुलं काय म्हणतील आणि त्यावर काय म्हणायचं. प्राथमिकच्या वर्गात वाक्यं तीनच असतात. ‘बाई, माझं चुकलं.’ उत्तर: ‘रेषा तिकडे फिरायला गेली, जाऊ दे, तिथून पुढे चल.’ ‘बाई, मला दुसरा कागद द्या ना.’ उत्तर: ‘हाच उलटून घे.’ एकदा दुसरा कागद दिला की पाच मिनिटांत सगळा वर्ग कागद मागतो. हा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलेला असतो, बदली शिक्षिकेने तो आपल्या कागदांवर घेऊ नये एवढीच इच्छा. तिसरं, सगळ्यात भीतीचं: ‘बाई, झालं.’ इथे नवख्या माणसाची पंचाईत होते, कारण चित्राबद्दल काय बोलावं हे सुचत नाही आणि तोंडून ‘छान’ निघतं. ‘छान’ म्हटलं की चित्र संपलं. मी लिहून ठेवते: ‘छान म्हणू नका. सगळ्यात रिकाम्या जागेवर बोट ठेवा आणि विचारा, इथे काय चाललंय?’ नव्वद टक्के मुलं काही न बोलता परत बसतात.

खोडरबराबद्दल मी थोडी हट्टी आहे. चित्रकलेत खोडूच नये असं माझं म्हणणं नाही. पण बदली तासाला खोडरबर बाहेर आलं की पहिली दहा मिनिटं खोडण्यात जातात, कागद फाटतो आणि मग मूल दुसरा कागद मागायला येतं.

पहिलीसाठी हे टाचण चालत नाही. सहा वर्षांच्या मुलाला दहा अंकांइतकं थांबणं जड जातं आणि नक्षीचा कप्पा त्याला कप्पा म्हणून दिसतच नाही. त्याला त्या रेषेत साप दिसतो आणि तो सापाला डोळे काढतो. (काढू द्यावेत.) मुलांच्या चित्रांचे टप्पे कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मांडले, ते आजही उपयोगी पडतात. साधारण चार ते सातपर्यंत मूल आपल्या ओळखीची चिन्हं शोधत असतं, सात ते नऊमध्ये त्याची चिन्हं पक्की होतात आणि सगळं जमिनीच्या एका रेघेवर उभं राहतं, आणि नऊनंतर ते ‘खऱ्यासारखं’ काढायला बघतं आणि जमलं नाही की रागावतं. म्हणजे तुमच्याकडे पहिली ते पाचवीत तीन वेगळ्या जातीचे वर्ग आहेत. एकाच पाठाचे पाच अवतार करण्यापेक्षा लहानांसाठी दोन आणि मोठ्यांसाठी तीन पाठ ठेवावेत.

लहानांसाठी घासून उमटवणं सगळ्यात खात्रीचं. पातळ कागदाखाली खरखरीत काहीतरी ठेवायचं आणि वरून मेणाचा खडू घासायचा. नाण्याचा छाप आपण सगळ्यांनीच घेतलेला आहे. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने 1925 मध्ये लाकडी फळ्यांच्या रेषा अशाच कागदावर उतरवून त्यांतून चित्रं उभी केली. पण वर्गात हे बिघडतं ते तीन बारीक गोष्टींनी. खडूचं टोक वापरलं तर कागदाला भोकं पडतात. म्हणून खडूचं कागदी वेष्टण आधीच काढून टाका, म्हणजे मूल तो आडवा धरेल. हे काम रजेआधी तुम्ही करा, सहा वर्षांच्या मुलांना दिलंत तर अर्धा तास त्यातच जाईल. पान सुलटं ठेवलं तर नुसता हिरवट डाग येतो. शिरा पानाच्या पाठीवर उठून असतात, म्हणून पान पालथं ठेवायचं. आणि कागद सरकतो. दोन कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली की प्रश्न मिटला. त्यासाठी पेटीत पानांच्या भरवशावर राहू नका. वाळलेलं पान चुरतं. पन्हाळीदार पुठ्ठ्याचे तुकडे, प्लास्टिकच्या जाळीचे चौकोन, जाड दोरा चिकटवलेली कार्डं अशा सपाट वस्तू प्रत्येकी दोन हिशेबाने पाकिटात घालून ठेवा. आधी पाच मिनिटं नुसतं घासू द्यायचं, मग सांगायचं: ‘यातून एक प्राणी शोध.’ प्राणी म्हटलं की पहिलीचा वर्ग शांत होतो, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिसरीपासून पुढे माझा आवडता पाठ आहे नावाचा किडा. कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा, दुमड वर ठेवा. आता दुमडीलाच शिरोरेषा मानून आपलं नाव जाड काळ्या स्केचपेनने मोठ्ठं लिहा, अक्षरं खाली लोंबकळली पाहिजेत. मग घडी तशीच उलटी करा आणि मागून दिसणाऱ्या अक्षरांवरून गिरवा. घडी उघडली की शिरोरेषेच्या वर-खाली तेच नाव आरशात बघितल्यासारखं दिसतं. कागद उभा धरा: मधली शिरोरेषा पाठीचा कणा आणि दोन्ही बाजूंना पाय, पंख, मिशा. आपली लिपी या खेळाला इतकी सोयीची आहे की वाटावं, मुद्दाम केली असावी. ‘कमल’सारखं नाव लगेच जमतं. ‘गौरी’ची मात्रा आणि वेलांटी दुमडीच्या वर जाते, ती आधी सोडून द्यायची आणि किडा तयार झाल्यावर डोक्याकडे मिशा म्हणून काढायची. हे वाक्य टाचणात हवंच, नाहीतर बदली शिक्षिका तिथे अडकते आणि मात्रावाली मुलं हिरमुसतात. नाव दोन अक्षरी असेल तर आडनावही घ्या. मागून अक्षरं नीट दिसायला कागद पातळ लागतो, 70 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा) चालतो. तरीही दिसलं नाही तर खिडकीच्या काचेवर धरून गिरवायचं, पण काचेपाशी एका वेळी चारच मुलं, हेही लिहा.

चौथी-पाचवीला कागदाकडे न बघता बूट काढायला द्या. एक पाय पुढे, बूट किंवा चप्पल काढून बाकावर (खाली जुना कागद), नजर बुटाच्या काठावर मुंगीसारखी सरकवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची, मान खाली घालायची नाही. पेन्सिलीच्या टोकात एक कागदाचा तुकडा अडकवला की हात दिसत नाही आणि चोरून बघण्याचा मोह जातो. हा पाठ नऊ वर्षांखाली देऊ नका. त्यांच्या डोक्यात बुटाचं चिन्ह तयार असतं, बूट बघायची त्यांना गरजच वाटत नाही. नऊ-दहाच्या मुलांना मात्र ‘मला येत नाही’ने घेरलेलं असतं, आणि इथे कोणालाच येत नाही. चित्रकलेत हुशार मुलाचंही वाकडंच येतं. रेषा मात्र खरी येते, लेसच्या गाठीपाशी थबकलेली, टाचेपाशी वळलेली.

या पाठाच्या टाचणात मी बदली शिक्षिकेलाही काम दिलेलं आहे: ‘पहिल्यांदा तुम्ही फळ्याकडे न बघता स्वतःचा हात फळ्यावर काढा.’ वाईट येणारच. मुलं खो खो हसतात आणि मग कोणी ‘मला येत नाही’ म्हणत नाही. एकदा रजेवरून आले तर मुलांच्या गठ्ठ्यात एक कागद मोठ्या माणसाच्या सँडलचा होता, मागे नाव आणि वर्गाच्या जागी ‘बदली’ असं लिहिलेलं.

घडी घालून तिघांनी मिळून माणूस काढण्याचा खेळ, म्हणजे एकाने डोकं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय, कोणाचं काही न बघता, सगळ्यांना माहीत असतो. 1925 च्या सुमारास पॅरिसमध्ये सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी अतर्क्य चित्रं करणारी मंडळी, हाच खेळायची. मुलांना तो प्रचंड आवडतो, आणि म्हणूनच तो अनोळखी माणसाच्या तासाला जपून द्यावा. दोन नियम लिहा: वर्गातलं किंवा शाळेतलं कोणी काढायचं नाही, आणि घड्या उघडायच्या त्या तास संपताना, सगळ्यांनी एकदम. मान आणि कंबर घडीच्या खाली दोन छोट्या रेघांनी पुढे आणायला सांगा, नाहीतर धड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे.

रंगीत कागद फाडून चिकटवण्याचा पाठ मी ठेवते तो फक्त ग्लू स्टिक भरपूर असतील तरच. फ्रेंच चित्रकार मातीसने 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बसल्या जागी रंगवलेले कागद कातरून चित्रं केली, आधी पेन्सिलीने न आखता थेट कात्रीने. पाचवीला ही गोष्ट सांगून आधी न आखता फाडायला सांगितलं तर काम सुंदर होतं. कात्र्या मात्र बदली तासाला नकोतच. मागितल्याच तर क्रमांक घातलेल्या, आणि पुठ्ठ्यात भोकं पाडून उभ्या ठेवलेल्या, म्हणजे रिकामं भोक लांबून दिसतं.

आणि एक पाठ असा हवा ज्याला काहीच साहित्य लागत नाही, कपाटाला कुलूप असलं तरी चालेल असा. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराचं 1560 सालचं मुलांच्या खेळांचं एक चित्र आहे, मूळ व्हिएन्नाच्या संग्रहालयात. त्यात दोनशेहून जास्त मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ आहेत. त्याची मोठी छापील प्रत लॅमिनेट करून ठेवा. तुकड्यांनी बघायला आणखी चार छोट्या. शिक्षिकेने फक्त तीन प्रश्न विचारायचे: यात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतं? उत्तर बरोबर की चूक ते सांगायचं नाही. मी पंधरा मिनिटांसाठी म्हणून ठेवलेलं हे चित्र तिसरीने एकदा पूर्ण तास पुरवलं, आणि वर ‘यात कोणीच हसत का नाही?’ असा प्रश्न मला परत आल्यावर विचारला.

व्हिडिओच्या भरवशावर पाठ ठेवू नका. प्रोजेक्टर चालू करण्याची खटपट माहीत नसलेल्या माणसाला तुम्ही दोन संकटं देता.

आता पेटी. झाकणाची, वर मोठ्या अक्षरात ‘बदली तास: चित्रकला’, आणि ती कुलपाबाहेर. कुठे ठेवली आहे ते दोन सहकाऱ्यांना आणि दोन मुलांना माहीत हवं. आत टाचणं प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत, प्रत्येक टाचणासोबत एक नमुना. नमुना तुमच्या हातचा नको, मुलाच्या हातचा हवा, तोही मध्यम जमलेला. तुमचा सुबक नमुना बघून शिक्षिका घाबरते आणि मुलं त्याची नक्कल करतात. कागद पटावरच्या संख्येपेक्षा पाव पटीने जास्त: चाळीस मुलांना पन्नास. पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या, कारण शार्पनरपाशी रांग लागली की तास गेला. खडूंवर रंगाचं नाव लिहिलेलं असू द्या. लाल-हिरवा ओळखायला अडचण येणारं एखादं मूल बहुतेक वर्गांत निघतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये हे बरंच जास्त असतं, आणि ते अनोळखी बाईंना आपणहून सांगत नाही. प्रत्येक वर्गाचं एक पान: बसण्याची मांडणी, मदतीला येणारी दोन मुलं, कोणाला वेगळी काळजी लागते आणि ती काय. हे पान पेटीत उघडं ठेवू नका, पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडून शिक्षिकेच्या हातात जाऊ द्या. ‘हा त्रास देतो’ असं कोणाबद्दल लिहू नका. ‘याला कागद वाटायला द्या’ असं लिहा, काम तेच होतं.

तुमच्या दहा दिवसांसाठी दहा पाठ करायला बसू नका. एकच व्यक्ती येणार असेल तर पाठ चार पुरेत. सोमवारी फिरायला निघालेली रेषा दुसरीला, तीच मंगळवारी तिसरीला, मग चौथीला. तिसऱ्या वेळी ती शिक्षिका माझ्यापेक्षा चांगली गोष्ट सांगते. रोज नवा वर्ग आणि रोज नवा पाठ म्हणजे रोज पहिला दिवस.

परत आल्यावर ती कामं कपाटावर चढवून विसरू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिल्या तासाची दहा मिनिटं द्या, सगळी चित्रं फरशीवर पसरा आणि मुलांना भोवतीने फिरू द्या. ‘बदली बाईंनी जे करून घेतलं त्याला बाई बघतसुद्धा नाहीत’ हे मुलांना एकदा कळलं की पुढच्या रजेत पुन्हा विमानं. आणि बदली शिक्षिकेसाठी पेटीत एक कोरं कार्ड ठेवा, त्यावर तीनच प्रश्न: कुठे अडलं? किती वेळ पुरलं? काय संपलं? माझी निम्मी टाचणं त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांनी सुधारली आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र गेली कित्येक वर्षं एकच येतं, चिकटपट्टी. ज्या पाठात ती लागतच नाही, त्या पाठानंतरही.